किल्ल्यावरची माणसं घरी घडवताना

दिवाळीच्या किल्ल्यावर मापाचा हिशेब चालत नाही. सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात, गुहेतला वाघ हत्तीएवढा असतो आणि गवळणीच्या शेजारी खाकी कपड्यातला पोलीस बिनदिक्कत उभा असतो. सातारा-सांगलीकडच्या अंगणांत हे असंच चालत आलंय आणि त्यात काही वावगं नाही. खटकतं ते वेगळंच. पोरं अजिंक्यतारा करोत, सज्जनगड करोत, नाहीतर मनातला गड करोत, त्यावरची माणसं सगळीकडे एकाच साच्यातली. किल्ला स्वतः चिखलात हात घालून केलेला आणि वस्ती मात्र विकत आणलेली. ही वस्ती घरी घडवता येते. पॉलिमर क्ले त्यासाठी उत्तम, फक्त ती कुठे वापरायची आणि कुठे अजिबात नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

स्टेशनरीच्या दुकानात ‘क्ले द्या’ म्हटलं की चार वेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही हातात पडते. लहान मुलांची पिठासारखी रंगीत क्ले, जी वाळली की तडकते. फोमसारखी हलकी, हवेत वाळणारी क्ले. दोन वड्या एकत्र मळून घट्ट होणारी, शिल्पकारसारखी इपॉक्सी. आणि पॉलिमर क्ले. ओळखायची खूण एकच: पाकिटावर ओव्हनचं तापमान आणि मिनिटं छापलेली असतात. ती नसतील तर ती पॉलिमर क्ले नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. फिमो, स्कल्पी ही तिची जुनी नावं. लहान शहरात मिळाली नाही तर पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते, म्हणून ही तयारी दिवाळीच्या तोंडावर नको, नवरात्रातच करा.

नावात क्ले असली तरी तिच्यात माती नसते. पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारं तेलकट प्लास्टिसायझर आणि रंग, एवढाच मामला. म्हणून ती हवेत वाळत नाही. साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला भाजली की कण एकमेकांत मिसळून एकसंध, चिवट वस्तू तयार होते. याचा मोठा फायदा असा की अर्धा झालेला मावळा फडक्याखाली झाकून ठेवला आणि परीक्षा संपल्यावर पुन्हा हातात घेतला, तरी काही बिघडत नाही. शाडूला हे सुख नाही. हे साहित्य बाहुल्यांच्या दुनियेतूनच आलंय. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांच्या मुलीने, फिफीने, असल्या मिश्रणात काम केलं आणि १९६० च्या दशकात एबरहार्ड फाबर कंपनीने ते ‘फिमो’ या नावाने बाजारात आणलं.

म्हणजे हे प्लास्टिक आहे. तिथूनच नियम ठरतात. विसर्जन करायच्या कुठल्याही गोष्टीला ही क्ले वापरायची नाही. गणपती, गौरीचे मुखवटे, बेंदराचे बैल ही शाडूची किंवा कुंभारमातीची कामं आहेत आणि तशीच राहू द्या. जे दरवर्षी डब्यातून काढून पुन्हा मांडायचं, तेवढ्यासाठीच पॉलिमर क्ले. तिची पणती करू नका. भाजलेली क्लेही ज्योतीजवळ करपते आणि धूर सोडते. हौसच असेल तर पणतीच्या आकारात बॅटरीचा दिवा ठेवा. आणि तिच्यात ताटली, वाटी, चमचा असं खाण्याला लागणारं काही करू नका.

खरेदीत पहिल्यांदा सगळे रंग घ्यायचा मोह होतो, तो आवरा. साधारण ५७ ग्रॅमच्या वड्या मिळतात. पांढऱ्याच्या दोन, तपकिरी, लाल, पिवळी आणि काळी प्रत्येकी एक, एवढ्यात एका किल्ल्याची वस्ती होते. पांढऱ्यात चिमूटभर तपकिरी आणि त्याहून कमी लाल मळली की अंगाचा रंग मिळतो. बाकीचे रंग भाजून झाल्यावर अॅक्रिलिकने द्या. चार सेंटिमीटर उंचीचे आठ-दहा मावळे एका वडीत सहज निघतात.

हत्यारं घरातच आहेत. कामाला गुळगुळीत टाइल किंवा काच, लाटायला औषधाची गोल बाटली, टोचायला दाभण आणि टूथपिक, दगडाचा पोत द्यायला जुना टूथब्रश, दागिन्यांची कडी उमटवायला संपलेली रिफील. पोळपाट-लाटणं मात्र वापरू नका, आणि एकदा या कामाला घेतलेली वस्तू परत स्वयंपाकाला नेऊ नका. कच्ची क्ले सनमायकाच्या किंवा पॉलिश केलेल्या टेबलावर तशीच ठेवली तर डाग पडतो. थर्माकोल आणि काही कडक प्लास्टिकच्या डब्यांना ती चिकटून बसते, कारण तिच्यातलं तेल त्यांना मऊ करतं. बटर पेपरमध्ये गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवणं सगळ्यात बरं.

नवी वडी घट्ट असते. सुपारीएवढा तुकडा घ्या, मुठीत गरम करा, वळा, दुमडा, पुन्हा वळा. वाकवल्यावर कडेला भेगा पडेनाशा झाल्या की ती तयार झाली. ही मळणी टाळली तर भाजल्यावर वस्तू ठिसूळ होते. साताऱ्यात थंडी लवकर उतरते, तेव्हा सकाळी वडी थोडा वेळ खिशात ठेवली तरी काम हलकं होतं. उलट सांगलीच्या उन्हाळ्यात ती लिबलिबीत होईल. दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून ठेवा, जास्तीचं तेल कागद ओढून घेतो. रंगांचा क्रम पांढऱ्यापासून काळ्याकडे ठेवा आणि लाल हाताळल्यावर हात पुसल्याशिवाय पांढऱ्याला शिवू नका, नाहीतर सगळे मावळे गुलाबी गालांचे होतील. पांढऱ्यावर स्वेटरचे धागे तर हमखास बसतात. भाजण्याआधी कापसाच्या काडीला थोडं सर्जिकल स्पिरिट लावून पुसलं की धागेही जातात आणि बोटांचे ठसेही.

सुरुवात माणसापासून करू नका. फराळापासून करा. दिवाळीच्या ताटात या कामाची सगळी मुळाक्षरं आहेत. लाडू म्हणजे गोळी. शंकरपाळी म्हणजे लाटलेला पत्रा आणि तिरके काप. अनारसा म्हणजे चपटी चकती, तिच्यावर खरी खसखस दाबा; १३० अंशांना तिचं काही बिघडत नाही. करंजीला चकतीत वाटाण्याहून लहान गोळी ठेवून दुमडा आणि कडेला दाभणाने कातणीच्या खुणा द्या. चकलीत खरी परीक्षा. दीड मिलिमीटर जाडीची दोरी सगळीकडे सारखी वळली गेली पाहिजे. ती बोटांच्या टोकांनी नव्हे, तळहाताने किंवा काचेच्या तुकड्याने वळा. टूथब्रशने टोचून काटे आणा आणि मगच गुंडाळा. तळल्याचा रंग क्लेत मिसळून येत नाही. कच्च्या चकलीवर तपकिरी खडूची भुकटी कोरड्या ब्रशने कडेकडेला लावा, मग ती कढईतून काढल्यासारखी दिसते. चिवडा करायच्या भानगडीत पडू नका. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र जरूर करा. मळकट पिवळ्या गोळीला अंगठ्याने जरा चपटं केलं की झाला पेढा.

प्रत्येकात भाजण्याआधी तारेची कडी खोचली तर याच वस्तू आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांना किंवा दाराच्या तोरणाला लटकवता येतात. घरात रांगतं मूल असेल तर हे तोरण उंच बांधा आणि फराळाचं ताट तर त्याच्या हाताला लागेल असं ठेवूच नका. बोटाच्या पेराएवढा लाडू त्याला खरा वाटणार आणि तो सरळ घशात जाणार.

आता मावळा. चार सेंटिमीटर उंची धरा. खरा माणूस साधारण १६५ सेंटिमीटरचा, म्हणजे हे प्रमाण एकास चाळीसच्या आसपास पडतं, आणि पुढे घोडा, बैल, विहीर करताना याच मापाला टेकता येतं. ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट चुरगाळलेला गाभा करा, त्याच्यावर क्ले चढवा. क्ले वाचते, आतपर्यंत नीट भाजते आणि तडे जात नाहीत. एका पायातून बांबूची टूथपिक वर धडापर्यंत घाला आणि खाली दोन सेंटिमीटर मोकळी सोडा. ती ओव्हनमध्ये चालते, आणि नंतर मावळा चिखलात रोवायला तोच खुंटा कामी येतो. लोखंडी तार टाळा, ओल्या मातीत ती गंजते आणि गंज पायातून वर येतो.

पाय आणि धड एकाच तुकड्यातून काढा. वेगळे जोडलेले पाय आधी मोडतात. अंगरखा पातळ पत्र्याचा, कमरेला गुंडाळून चुण्या दाभणाने. वरून शेला. हात शेवटी. खऱ्या माणसाचं डोकं उंचीच्या सातव्या हिश्शाचं असतं, पण इतक्या लहान आकारात ते टाचणीच्या टोपीसारखं दिसतं; पाचवा हिस्सा धरा. नाकासाठी चेहरा दोन्ही बाजूंनी टूथपिकने दाबा, नाक आपोआप वर येतं. मिशीला तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे. डोळे कोरू नका, रंगाचे दोन ठिपके पुरतात. ही माणसं दोन-तीन हात लांबून पाहायची असतात, तिथे मुंडासं, मिशी आणि उभं राहण्याची ढब एवढंच पोचतं. तलवार क्लेची केलीत तर वाकडी होईल किंवा तुटेल. तांब्याची तार ठोकून चपटी करा आणि भाजण्याआधी मुठीत खोचा. कच्च्यावर कच्चा तुकडा दाबून चिकटतो, भाजलेल्यावर मात्र नाही. तिथे लिक्विड क्ले, म्हणजे याच क्लेचं पातळ रूप, लावावं लागतं.

भाजणं हा या कामातला सगळ्यात निष्काळजीपणे होणारा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगते. घरचा ओटीजी चालतो, पण त्याच्या बटणावर विश्वास ठेवू नका. बटण ११० सांगतं आणि आत १४० असू शकतं. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या. या छंदात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती हीच. तापमान आणि वेळ पाकिटावरची पाळा. फिमोला साधारण ११० अंश आणि अर्धा तास, स्कल्पीला १३० अंश आणि दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटं. ओव्हन आधी पंधरा-वीस मिनिटं तापवा. टाइलवर साधा कागद, त्यावर वस्तू, वरून फॉइलचा सैल तंबू, आणि टाइल मधल्या कप्प्यात. वरचा रॉड मुंडाशाच्या अगदी जवळ आला तर मावळ्याचं डोकं आधी काळं पडतं. वेळ झाली की बंद करून आतच निवू द्या. गरम वस्तू मऊ लागते, ती तशीच असायची, म्हणून घाबरून पुन्हा तापवू नका.

मायक्रोवेव्हच्या लहरींवर ही क्ले भाजायची नाही; कन्व्हेक्शनची सोय असेल तर फक्त ती वापरा. आणि आपल्याकडे कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून केक करायची जी पद्धत आहे, ती इथे सर्वांत धोकादायक. केक तिथे १८० अंशांना होतो, ही क्ले त्या तापमानाला करपते आणि करपलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. नाकाला, घशाला, डोळ्यांना तो झोंबतो. धूर दिसला किंवा उग्र वास आला की वीज बंद करा, खिडक्या उघडा आणि मुलांना घेऊन बाहेर जा. ओव्हनचं दार उघडून बघत बसू नका. एरवीही भाजताना खिडकी उघडीच हवी, आणि नंतर ओव्हन आतून पुसून घ्या. ब्लेडने कापणं आणि ओव्हन ही दोन कामं मोठ्यांची, बाकी सगळं मुलांचं.

मध्येच वीज गेली तर? काही होत नाही. वीज आल्यावर पुन्हा तापवा आणि पूर्ण वेळ पुन्हा मोजा. ही क्ले दोन-तीनदा भाजली तरी तक्रार करत नाही, तिची तक्रार फक्त जास्त तापमानाबद्दल असते. नीट भाजली गेली का हे पाहायला सोबत एक पातळ पट्टी भाजा. निवल्यावर ती थोडी वाकून परत आली तर काम झालं. खडूसारखी कट्कन तुटली तर भाजणी कमी पडली. रंग अॅक्रिलिकच द्या. नेलपॉलिश आणि ऑइलपेंट वरून छान दिसतात, पण पुढे पृष्ठभाग चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते.

हे सगळं हाताला बसलं की खरा प्रश्न उरतो: करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. जे बाजारात दहा टोपल्यांत मिळतं ते करण्यात वेळ घालवू नका. महाराज, सिंहासन, घोडेस्वार ही कुंभाराकडून घ्या. साचा आणि भट्टी त्याच्याकडे आहे, आणि त्याची बरीच मिळकत याच पंधरवड्यावर असते. आपण ते करावं जे कुणी विकत नाही, म्हणजे आपल्या गावाचं.

साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर घ्या. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतली. वरून पाहिलं तर शिवलिंगाचा आकार, व्यास सुमारे ५० फूट, खोली सुमारे ११० फूट, आणि एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी रचना. आपल्या मापात व्यास ३७-३८ सेंटिमीटर भरतो, तो अंगणात सहज बसतो. खोली मात्र ८० सेंटिमीटरच्या वर जाते. ती अर्ध्यावर आणा, किल्ल्यासाठी अंगणात एवढा खड्डा घरातली वडीलधारी माणसं करू देणार नाहीत. विहीर मातीचीच करा. क्लेचे बैल, मोट, नाडा धरलेला माणूस. बैलाला नमुना शोधायला लांब जाऊ नका. आपल्या भागात आषाढात बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल घरी येतात. त्यातली जोडी नीट पाहा. कुंभार खूर कोरत नाही, डोळ्यांच्या पापण्या करत नाही. जाड चार पाय, चिमटीने वर ओढलेलं वशिंड, मानेखाली लोंबणारी पोळी, शिंगांना बाक, एवढ्यात बैल उभा करतो. काय सोडायचं हे त्या बैलाकडून शिका. आपल्या मापात खांद्याशी उंची साडेतीन सेंटिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर माणसापेक्षा बैल मोठे होतील.

प्रतापगड करणाऱ्यांना आता आणखी एक निमित्त आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत तो आहे. पण तिथेही अफजलखानाच्या प्रसंगापुढे जा. गडावर पाणी भरणाऱ्या बायका, जात्यावर दळणारी, भवानीच्या देवळातला गुरव, दारूकोठाराचा पहारेकरी, चुन्याच्या घाणीचा बैल. गड माणसांनी चालत होता, तलवारींनी फक्त राखला जात होता.

सांगलीकरांना तर किल्ल्याच्याच अंगणात रंगभूमी उभी करता येईल. विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत केलं. हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो आणि बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढेच येतो. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, तेव्हा त्यांच्या गावात नाटक बाहुल्यांच्या रूपात मांडणं अगदीच उपरं नाही. त्यांच्या नाटकांची सुरुवात ठरलेली असे: सूत्रधार, मग विदूषक, मग गणपती, मग मोरावरची सरस्वती. चार आकृत्या, मागे पत्र्याच्या डब्याचं झाकण आणि त्याला लाल कापडाचा पडदा. मोराच्या पिसाऱ्याला पातळ पत्रा कापून भाजताना फॉइलच्या गोळ्यांचा आधार द्या, नाहीतर तो लोळतो. तासगावकरांनी ऋषिपंचमीला निघणारा गणपतीचा रथ करावा. रथ पुठ्ठ्याचा, दोर सुतळीचा आणि दोर ओढणारी माणसं क्लेची. गर्दीला चेहरे लागत नाहीत, टोप्या आणि पुढे झुकलेली अंगं पुरे. ज्यांना माणसं जमत नाहीत त्यांनी हळदीचा बाजार मांडावा. हळकुंड हा या क्लेत करायला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खरा दिसणारा प्रकार आहे: पिवळ्यात किंचित तपकिरी, बोटांसारखे फाटे आणि दाभणाने आडव्या रेघा. पोती कापडाचीच शिवा.

मांडणीत घाई होते ती अळीव-मोहरी उगवायच्या आधी. पेरलेल्या मातीवर चार दिवस पाणी शिंपडावं लागतं. भाजलेल्या क्लेला पाण्याने काही होत नाही, पण टूथपिक फुगते आणि मावळे कलतात. म्हणून हिरवळ वर आल्यावरच, वसुबारसेच्या सुमारास, वस्ती बसवा. पायवाटेवर टूथपिकपेक्षा जाड खिळ्याने आधी भोक पाडा आणि मग मावळा रोवा, म्हणजे पाय मोडत नाही. पणत्या आकृत्यांपासून हातभर लांब.

दिवाळी संपली की आकृत्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा आणि प्रत्येकी कागदात गुंडाळून ठेवा. मोडका तुकडा निर्माल्यात किंवा नदीत जाता कामा नये. तो सुक्या कचऱ्यात टाका, किंवा पुढच्या वर्षीच्या मोठ्या आकृतीत गाभा म्हणून वापरा. एक सूचना मात्र आजच वहीत लिहून ठेवा, कारण ऐन वेळी कुणी ऐकत नाही: भाऊबीज झाल्यावर किल्ल्याच्या बुरुजात सुतळी बॉम्ब लावण्याआधी मावळे मोजून बाहेर काढून घ्या.